‘जाहीर आवाहन’ कोणी वाचायचे?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर, जमीन खरेदीच्या जाहीर नोटिसा आणि नावात बदल केल्याच्या जाहिराती यांच्या मधोमध, अधूनमधून ‘जाहीर आवाहन’ नावाची एक लहानशी चौकट छापून येते. तीत एखाद्या लहान मुलाचा अस्पष्ट फोटो, अंदाजे वय, वर्ण, बांधा आणि अंगावरच्या कपड्यांचे वर्णन असते आणि खाली, सदर बालकाच्या पालकांनी अथवा नातेवाइकांनी दिलेल्या मुदतीत संपर्क साधावा, अन्यथा बालकाचे पुनर्वसन करण्यात येईल, अशा अर्थाचा मजकूर असतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि त्यातली बरीच वर्षे कातकरी आदिवासींच्या वाड्यांना लागून असलेल्या शाळांत गेली. ती चौकट दिसली की माझी नजर आधी फोटोकडे जाते, कारण एकदा त्या चौकटीतला चेहरा माझ्याच पटावरचा निघाला होता. त्या प्रकरणाबद्दल आणि त्याहून मोठ्या एका प्रश्नाबद्दल हे पत्र आहे. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे. आपण जागेअभावी कापलेत तरी चालेल, फक्त मुदतीविषयीचा भाग कापू नये, ही विनंती.

मुलांच्या संरक्षणासाठी उभारलेल्या यंत्रणेत काही ठरावीक समाजांचीच मुले अधिक का सापडतात, हा प्रश्न अमेरिकेत निदान पन्नास वर्षे उघडपणे विचारला जात आहे. आईवडिलांकडे मूल सुरक्षित नाही असे ठरले की न्यायालयाच्या आदेशाने ते काही काळ परक्या कुटुंबात, नातेवाइकांकडे किंवा संस्थेत ठेवायचे, या व्यवस्थेला तिकडे फोस्टर केअर म्हणतात. आपल्या कायद्यातले प्रतिपालकत्व याच प्रकारचे. २०२२ साली अमेरिकेत सुमारे ३ लाख ६८ हजार मुले या व्यवस्थेत होती. त्या देशातल्या एकूण मुलांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण सुमारे १४ टक्के असताना या व्यवस्थेतल्या मुलांत ते सुमारे २३ टक्के होते. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत बालसंरक्षण खात्याची चौकशी घरी येऊन गेलेली असण्याचे प्रमाण सर्व मुलांत सुमारे ३७ टक्के आणि कृष्णवर्णीय मुलांत सुमारे ५३ टक्के आहे, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला होता. म्हणजे त्या समाजातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घराचे दार कधी ना कधी सरकारी माणसाने ठोठावलेले असते. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये आदिवासी मुले ७.७ टक्के होती आणि सरकारी व्यवस्थेने परक्या घरी ठेवलेल्या मुलांमध्ये ५३.८ टक्के. ऑस्ट्रेलियात तर गेल्या शतकात आदिवासी मुले आईवडिलांपासून तोडून नेण्याचे धोरणच होते आणि त्याबद्दल पंतप्रधान केव्हिन रड यांना १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत उभे राहून क्षमा मागावी लागली.

हे वाचताना आपण ‘तिकडचा वर्णभेद’ म्हणून पान उलटतो. मीही बरीच वर्षे तेच केले. परंतु या आकड्यांच्या मुळाशी काय आहे ते पाहू लागल्यावर मला कोकणातली आमची वाडी दिसू लागली. अमेरिकेत मूल काढून घेताना सर्वाधिक वेळा जे कारण लिहिले जाते ते मारहाणीचे किंवा अत्याचाराचे नसते, ते हेळसांडीचे असते, आणि हेळसांड या शब्दात घरात वीज नसण्यापासून कामावर गेलेल्या आईने मुलांना घरी ठेवण्यापर्यंत बरेच काही मावते. मूल नीट वाढते आहे की नाही हे ठरवणारा माणूस एका समाजातला आणि ज्याचे मूल आहे तो दुसऱ्या समाजातला असला, की पहिल्याच्या घरात जे नसते ते दुसऱ्याच्या घरातले वैगुण्य ठरते. शिवाय गरिबाचे घर सरकारच्या नजरेपुढे सतत उघडे असते. सरकारी दवाखाना, सरकारी शाळा, पोलीस, रेशनचे दुकान अशा दहा ठिकाणी त्याची नोंद होते, तर बंगल्यातल्या मुलाची आबाळ फाटकाच्या आतच राहते.

अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा आहे. १९६९ आणि १९७४ साली झालेल्या पाहण्यांत असे आढळले, की त्या जमातींची २५ ते ३५ टक्के मुले घरापासून तोडून परक्या कुटुंबांत, दत्तकघरांत किंवा संस्थांत ठेवलेली आहेत. तिथल्या संसदेच्या समितीने १९७८ साली याची कारणे नोंदवताना एक मार्मिक निरीक्षण केले होते. त्या जमातींमध्ये मुलाला जवळचे आणि जबाबदार म्हणता येतील असे नातेवाईक डझनांनी असतात, मूल आजीकडे किंवा मावशीकडे ठेवणे ही तिथली रीत असते, परंतु या रीतीची ओळख नसलेले समाजसेवक तिलाच आईवडिलांची बेपर्वाई समजतात आणि त्याच आधारावर पालकांचे हक्क संपवले जातात, असा त्याचा आशय होता.

हे वाक्य कोकणातल्या माणसाने दोनदा वाचावे. चाकरमान्यांच्या किती पिढ्या आजीच्या हाताखाली वाढल्या, हे आपल्याला कोणी सांगायला नको. बाप गिरणीत, पुढे पुढे आईही मुंबईला, खोलीत दहा माणसे, म्हणून पोर गावी. महिन्याकाठी मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला भेट. कोणी आजोळी शिकले, कोणी आत्याकडे. त्या मुलांना ‘पालकांनी सोडून दिलेली’ असे कुठल्या कागदावर कोणी लिहिले नाही, आणि ते योग्यच झाले. आजही आपल्या ओळखीच्या घरांत नोकरीसाठी आखातात गेलेल्या आईवडिलांची मुले आजीआजोबांकडे आहेत आणि आपण त्या आजीचे कौतुकच करतो. २०११ साली नॉर्वेत एका भारतीय दांपत्याची दोन मुले तिथल्या बालसंरक्षण खात्याने ताब्यात घेतली, तेव्हा मुलाला हाताने भरवणे आणि शेजारी घेऊन झोपणे याबद्दल तिथले अधिकारी प्रश्न विचारतात, हे ऐकून आपण सगळे पेटून उठलो होतो. आपल्या सरकारने मध्यस्थी केली आणि २०१२ मध्ये मुले भारतात परतली. तो संताप खरा होता. मग कातकरी आजीच्या वाट्याला तो का येत नाही?

कातकऱ्यांविषयी चार ओळी लिहिणे भाग आहे, कारण शेजारी राहूनही आपल्याला त्यांची माहिती थोडी असते. खैराच्या झाडापासून काथ करणारे ते काथकरी. जंगल सरकारजमा झाले, खैर तोडायला बंदी आली आणि धंदा गेला. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह कातकरी आहेत. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक होती आणि त्यांतले पुष्कळ रायगड, ठाणे, पालघर, रत्नागिरी या पट्ट्यातले आहेत. काहींना दळी जमिनीचा, म्हणजे जंगलात कसायला मिळालेल्या तुकड्याचा, आधार आहे, पण बहुतेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर किंवा गावाच्या कडेला आहेत. दिवाळी झाली की मुकादम येतो, उचल देतो आणि माणसे वीटभट्टीवर किंवा घाटावर, पार कर्नाटकापर्यंत, कोळसा पाडायला जातात, ती मे महिन्याच्या अखेरीस किंवा पाऊस लागता लागता परततात. भट्टीवर शाळा नाही, पाण्याची सोय नाही. म्हणून ज्यांना शक्य असते ते निदान शाळेतले पोर वाडीवर म्हाताऱ्या माणसाकडे ठेवून जातात. आम्ही शिक्षकच त्यांना तसे सांगत आलो. हंगामी स्थलांतराने पोरांची शाळा बुडते, त्यांना मागे ठेवा, असे मी कित्येक आयांना बजावले आहे.

माझ्या पटावरच्या त्या मुलीलाही तिच्या आईने माझ्या सांगण्यावरून मागे ठेवले होते. ती दुसरीत होती, तिच्या पाठचा भाऊ तीन वर्षांचा. आईवडील कोळसाभट्टीवर, मुले आईच्या आईकडे. डिसेंबरातल्या एका बाजाराच्या दिवशी आजी लाकडाची मोळी आणि चिंबोऱ्या विकायला तालुक्याला आली, नातवंडे सोबत होती. उन्हात तिला भोवळ आली, लोकांनी तिला रिक्षात घालून रुग्णालयात पोहोचवले आणि मुले एसटी स्टँडवर राहिली. संध्याकाळी कोणा भल्या माणसाने मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन केला. पोलीस आले, मुलांची वैद्यकीय तपासणी झाली, चोवीस तासांच्या आत त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, हजर केले गेले. तालुक्याचे, संस्थेचे किंवा अधिकाऱ्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण इथपर्यंत कोणीही बेकायदा असे काहीच केले नव्हते. सगळे कायद्याबरहुकूम चालले होते आणि तरीही दोन मुले नाहीशी होत होती.

मुलीला गाव विचारले तेव्हा तिने ‘वाडी’ असे सांगितले. आमच्या भागात प्रत्येक गावाला आदिवासीवाडी असते आणि पोरांच्या तोंडी तिचे नाव नुसते वाडी. बापाचे नाव विचारले तेव्हा तिने वाडीत ज्या नावाने हाक मारतात ते सांगितले, ते कुठल्याच कागदावर नव्हते. तिची बोली कातकरी, विचारणाऱ्याची मराठी कागदावरची. मुलगी बालगृहात गेली आणि भाऊ सहा वर्षांखालचा म्हणून शिशुगृहात, म्हणजे दत्तक देणाऱ्या विशेष संस्थेत. बहीणभावंडे दोन गावांना झाली. नोंदीत ‘पालकांनी सोडून दिलेली बालके’ असे आले. आठ दिवसांनी आजी बरी होऊन स्टँडवर आली, तिने दोन-चार फेरीवाल्यांना विचारले आणि पोलिसांच्या भीतीने वाडीवर जाऊन बसली. आता माझी चूकही सांगितली पाहिजे. मुलगी शाळेत येईनाशी झाली तेव्हा तीही आईबापांमागे भट्टीवर गेली असेल असे मी गृहीत धरले आणि हजेरीपटावर ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून मोकळी झाले. अर्धा वर्ग तसाच गेलेला होता. वाडी शाळेपासून पाऊण मैलावर होती आणि मी चौकशीला गेले नाही.

जाहीर आवाहन मी वाचले ते फेब्रुवारीत, आणि तेही वर्तमानपत्र म्हणून नव्हे. बाजारातून आणलेल्या सुक्या बोंबलांची पुडी सोडताना तो फोटो समोर आला. अंक सहा आठवड्यांपूर्वीचा होता. मी आजीला घेऊन दोन एसट्या बदलून जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. तिच्या आधार कार्डावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे, आणि ती या मुलांची आजी आहे हे सांगणारा एकही कागद नाही. गृहचौकशीचा अहवाल पुढे माझ्या वाचनात आला. घर कुडाचे असून दार नाही, स्वतंत्र शौचालय नाही, आजी मोलमजुरी करते, ‘तिला मद्यपानाची सवय असल्याचे समजते’, असे त्यात होते. कोणाकडून समजते, तर गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांकडून. वाडीतल्या एकाही माणसाला कोणी काही विचारलेले नव्हते. शिमग्याला आईवडील आले. समितीपुढे आईला विचारले की मुलांचे पुनर्वसन करण्यास तुमची हरकत आहे का. ती गप्प उभी राहिली, कारण पुनर्वसन हा शब्द तिने आयुष्यात एकदाच, धरणाच्या संदर्भात ऐकला होता. नोंद झाली की पालक उदासीन आहेत. शेवटी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली प्रवेशाची नोंद, तिच्यावरून काढलेला बोनाफाईड दाखला आणि समितीतल्या एका सदस्य बाईंनी मुलीशी स्वतंत्रपणे बोलण्याचा धरलेला आग्रह यांमुळे मुले परत मिळाली. तोवर जून उजाडला होता. धाकटा सहा महिन्यांत कातकरी बोली विसरला होता आणि शिशुगृहात सगळ्या बायकांना मावशी म्हणायचे म्हणून तो आईलाही मावशी म्हणत होता.

आता मुदतीविषयी. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३८ नुसार, सोडून दिलेल्या किंवा अनाथ मुलाच्या पालकांचा शोध घेऊन ते सापडले नाहीत तर दोन वर्षांपर्यंतचे मूल दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे मूल चार महिन्यांत दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त असल्याचे समितीने जाहीर करायचे असते. या मुदतीमागचा हेतू चांगला आहे, कारण संस्थेत वर्षानुवर्षे कुजण्यापेक्षा मुलाला लवकर घर मिळावे हे कोणालाही पटेल. पण चार महिने कोणाचे? कोळसाभट्टीचा हंगाम सहा-सात महिन्यांचा असतो. उचल फिटल्याशिवाय मुकादम माणसाला सोडत नाही. वेठबिगारी १९७६ साली कायद्याने संपली असली तरी उचल संपलेली नाही. डिसेंबरात स्टँडवर सापडलेल्या मुलाच्या बाबतीत कायद्याचे घड्याळ एप्रिलमध्ये थांबते आणि त्याचे आईवडील मे महिन्यात घरी येतात. अमेरिकेतही १९९७ च्या कायद्याने असेच घड्याळ लावले आहे. मूल गेल्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने फोस्टर केअरमध्ये असेल तर, काही अपवाद वगळता, पालकांचे हक्क संपवण्याचा अर्ज सरकारने करायचा असतो. जे आईबाप तुरुंगात आहेत किंवा ज्यांना भाड्याचे घर मिळत नाही, त्यांना ही मुदत गाठता येत नाही, आणि अशांत कृष्णवर्णीय अधिक, हा तिथल्या टीकाकारांचा जुना आक्षेप आहे. मुदत सर्वांना सारखी असते, ती गाठण्याची ऐपत सारखी नसते.

आणि त्या चार महिन्यांत पालकांना शोधण्याचे जे एक मोठे साधन आहे, ते म्हणजे आपल्या अंकातली ती चौकट. वाचता न येणाऱ्या, परजिल्ह्यात किंवा परराज्यात भट्टीवर असलेल्या आणि गावी असले तरी वर्तमानपत्र विकत न घेणाऱ्या माणसाला उद्देशून आपण प्रमाण मराठीत आवाहन छापतो आणि त्याने उत्तर दिले नाही म्हणून त्याला मूल नको आहे असे समजतो.

वंश आणि जमात या दोन गोष्टी एकास एक जुळवता येत नाहीत, हे मला कळते. गुलामगिरीचा इतिहास वेगळा आणि जातीचा वेगळा. तरीही दोन्हीकडच्या कागदांवरचे शब्द इतके सारखे का, याचे उत्तर टाळता येत नाही.

याची दुसरी बाजूही मी लपवणार नाही. वाड्यांवर दारू आहे, तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची लग्ने होतात, मारहाण होते. काही मुले घरातून बाहेर काढलीच पाहिजेत आणि तसे फोन मी स्वतः केलेले आहेत. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात कातकरी मुले मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघडकीस आले. पालकांच्या हातावर ठेवलेली रक्कम काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत होती, कोणाला सोबत एखादी मेंढी, आणि त्यांतली दहा वर्षांची एक मुलगी जिवानिशी गेली. तिथे यंत्रणा आधी पोहोचायला हवी होती. पण हे उदाहरण माझ्या म्हणण्याविरुद्ध जात नाही असे मला वाटते. ज्या घराला पाचशे रुपयांसाठी पोर गहाण ठेवावे लागते तिथे यंत्रणा पोहोचत नाही, आणि जिथे आजी नातवंडांना सांभाळते आहे तिथे ती गृहचौकशी करायला पोहोचते. दोन्हीकडे त्या घराला वेळेवर लागणारे होते ते धान्य आणि थोडा पैसा.

पैसा नाही असेही नाही. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत आता मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये आहेत. बाल न्याय कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की मुलाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. त्याच कलमात असेही तत्त्व आहे की मुलाबाबतच्या कामकाजात दूषण देणारे शब्द वापरू नयेत. ‘बेवारस मुले सापडली’ असा मथळा देताना आपल्या संपादकीय विभागाने ते जरूर आठवावे. मात्र या योजनांच्या अर्जाला आधार, रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक लागते. मूल संस्थेत टाकायला यातले काहीच लागत नाही. ज्या घराकडे कागद नाहीत त्याचे पोर राखणे अवघड आणि नेणे सोपे, अशी ही रचना आपोआप तयार झाली आहे. विशेष असुरक्षित आदिवासी गटांना पक्की घरे, दाखले वगैरे देणारे केंद्राचे पीएम-जनमन अभियान १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाल्यापासून वाड्यांवर आधारची आणि दाखल्यांची शिबिरे होऊ लागली, हे मला दिसते आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. त्याच शिबिरात प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला सांभाळणाऱ्या दोन नातेवाइकांची नोंद करून घेतली, तर ती घराच्या पक्क्या भिंतीइतकीच उपयोगी ठरेल.

१९७८ च्या अमेरिकी कायद्याने एक साधी गोष्ट केली, तिचा विचार इथे व्हावा. मूळ जमातीच्या मुलाचे प्रकरण न्यायालयात आले की नोटीस पालकांना जातेच, शिवाय ती त्या जमातीलाही जाते. मूल ठेवायचे झाले तर आधी नातेवाईक, मग त्याच जमातीतले घर, मग दुसऱ्या एखाद्या मूळ जमातीतले घर, असा क्रम ठरलेला आहे. या कायद्याला आव्हान दिले गेले तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी तो कायम ठेवला. मिनेसोटा राज्याने २०२४ मध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांसाठीही तशा धर्तीचा कायदा केला. आपल्याकडे रायगड आणि रत्नागिरी अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत, त्यामुळे पेसाची, म्हणजे अशा क्षेत्रातल्या आदिवासींना स्वशासनाचे अधिकार देणाऱ्या कायद्याची, ग्रामसभा नाही. वाडी ज्या गावाला जोडलेली, त्या ग्रामपंचायतीत कातकऱ्यांचे एखादे मत असते, आवाज नसतो. पण पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचे कार्यक्षेत्र रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. आदिवासी वाटणारे मूल समितीपुढे आले की त्याच दिवशी या कार्यालयाला, आजूबाजूच्या आश्रमशाळांना आणि जिल्हा परिषद शाळांना फोटो कळवणे याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. समिती महिन्यातून निदान वीस दिवस बसते; त्यांतला एखादा दिवस तालुक्याच्या गावी बसावी. अध्यक्ष आणि चार सदस्यांत निदान एक महिला असावी असे कायदा सांगतो, जमातीविषयी तो काही सांगत नाही. तेव्हा निदान गृहचौकशीला जाणाऱ्या अधिकाऱ्यासोबत ती बोली जाणणारी, वाडीवरच्या लोकांच्या विश्वासातली एखादी बाई असावी आणि ‘समजते’ या शब्दापुढे कोणाकडून ते लिहिण्याची सक्ती असावी.

आणि मोजणी व्हावी. अमेरिका आपल्या या व्यवस्थेतल्या मुलांचे वंशवार आकडे दरवर्षी छापते, म्हणून तिथे भांडता तरी येते. केंद्र सरकारने केलेल्या आणि २०१८ साली पुढे आलेल्या देशव्यापी मोजणीत साडेनऊ हजारांहून अधिक बालसंस्था आणि त्यांत काळजी व संरक्षणाची गरज असलेली सुमारे ३ लाख ७० हजार मुले आढळली होती. आपल्या किनारपट्टीवरच्या प्रत्येक जिल्ह्याने आपल्या बालगृहांतली मुले कोणत्या जातीजमातींतली आहेत, किती महिन्यांपासून आहेत, त्यांतली किती नोव्हेंबर ते मे या हंगामात आली आणि किती दत्तकासाठी मुक्त झाली, एवढा एक तक्ता मुलांची नावे न देता दर वर्षी जाहीर करावा. आकडे माझी शंका खोटी ठरवणारे निघाले तर मला आनंदच होईल.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे, संपादक महोदय. ती चौकट आपण छापता, त्याचे पैसे घेता, त्यात गैर काही नाही. परंतु ज्या दिवशी असे आवाहन छापाल त्या दिवशी तालुका वार्ताहराने ते जवळच्या वाड्यांवर आणि भट्ट्यांवर वाचून दाखवावे, बाजाराच्या दिवशी स्टँडवर लावावे. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रानेही ते कातकरी बोलीत ऐकवण्याचा विचार करावा. हंगामी मजुरांच्या बाबतीत चार महिन्यांची मुदत मोजताना भट्टीचा हंगाम वगळावा, असे निवेदन मी आणि माझ्या दोन निवृत्त सहकारी शिक्षिका महिला व बालविकास विभागाला पाठवत आहोत. त्याची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. दिवाळी उरकली की मुकादम उचल वाटायला वाड्यांवर येतील आणि शाळांच्या पटावर ‘स्थलांतरित’ असे शेरे पडू लागतील. तो शेरा मारण्यापूर्वी वाडीवर एक फेरी मारून यावी, असे माझ्या नोकरीत असलेल्या भावाबहिणींना आपल्या पत्रातून कळावे, म्हणून हे पत्र दिवाळीपूर्वी छापावे, ही विनंती.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
(त्या कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव व तालुका छापू नये.)